कोर्ट बंद असतानाही अपघाताचा क्लेम पुढे सरकत राहिला: एका वकील ऑफिसच्या ऑनलाइन सर्व्हिसचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते, पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच. ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे आणि वकीलसाहेबांनीच सांगितलं होतं की कुठे लिहिलंत तर काम कसं झालं ते लिहा, नाव नको. मला ते पटलं. आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा काम कसं केलं तेच जास्त उपयोगाचं आहे, कारण तुमच्या घरात कोणाचा अपघाताचा दावा अडकून पडला असेल तर तुमच्या वकिलांकडून काय काय मागायचं हे तुम्हाला यातून कळेल.

थोडक्यात आमची परिस्थिती अशी. दादाचा २०१९ च्या शेवटी हायवेवर अपघात झाला, टेम्पोने मागून उडवलं, उजवं मनगट आणि पायाचं हाड मोडलं, मनगटात प्लेट टाकली. दादा फॅब्रिकेशनचं काम करतो, गेट, ग्रिल, शेड, म्हणजे सगळा धंदा त्या उजव्या हातावर. मोटार अपघात न्यायाधिकरणात, ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात, तिथे क्लेम दाखल झाला २०२० च्या फेब्रुवारीत आणि २५ मार्चपासून लॉकडाऊन. कोर्टात फक्त तातडीची कामं, अपघाताच्या दाव्यांना कोण तातडीचं म्हणणार. घरात कमावता तोच, वहिनी दोन मुलांना घेऊन, आणि समोर तारीखच नाही.

या ऑफिसचं पहिलं चांगलं काम म्हणजे लॉकडाऊन लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ज्युनिअर मॅडमचा स्वतःहून फोन आला. आम्ही करायच्या आधी. घाबरू नका, मुदतीचं काही बिघडत नाही हे त्यांनी नीट समजावलं. सुप्रीम कोर्टाने २३ मार्च २०२० ला स्वतःहून दखल घेऊन ऑर्डर केली होती की १५ मार्चपासून पुढे कायद्यातल्या दाखल करण्याच्या मुदती वाढवलेल्या धरायच्या, आणि तसंही तेव्हा अपघाताचा क्लेम दाखल करायला मुदतीचं बंधन नव्हतं, ते १९९४ च्या दुरुस्तीत काढून टाकलेलं होतं. (सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीत परत आणली आणि ते कलम १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं, तेव्हा ज्यांचा क्लेम टाकायचा राहिलाय त्यांनी बसून राहू नका.) फोन झाल्यावर हेच सगळं साध्या मराठीत लिहून पण पाठवलं, त्यामुळे दादाला रात्री झोप लागायला लागली, हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाहीये.

मग मॅडम म्हणाल्या ते वाक्य मला अजून पाठ आहे, "ताई, तारीख कोर्टाच्या हातात आहे, फाईल आपल्या हातात आहे." पुढे पूर्ण वर्षभर त्या तसंच वागल्या. माझं या सर्व्हिसबद्दलचं मत पण हेच आहे. लोक ऑनलाइन वकील म्हटलं की व्हिडिओ कॉल बघतात, लिंक आली का, आवाज येतो का, पण क्लेममध्ये खरं काम दोन तारखांच्या मधे होतं, आणि कोर्ट बंद असल्यावर तर तेवढंच एक काम उरतं. ते ज्या ऑफिसने केलं त्यांच्या केसेस कोर्ट उघडल्यावर धावल्या आणि ज्यांनी "कोर्ट सुरू झालं की बघू" म्हणून ठेवलं त्यांचे लोक परत पहिल्यापासून कागद गोळा करत बसले. आमच्या ओळखीत असं एक कुटुंब आहे, त्यांच्या वकिलांनी त्या सगळ्या काळात एक फोन केला नाही.

कागदांचं काम त्यांनी असं केलं. गुगल ड्राइव्हवर एक फोल्डर करून दिलं आणि फाईलला नाव कसं द्यायचं ते ठरवून दिलं, आधी तारीख, मग कशाचा कागद, मग रक्कम असेल तर रक्कम. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, पोलिसांचा एए फॉर्म (अपघाताच्या माहितीचा), टेम्पोची विमा पॉलिसी, आरसी, ड्रायव्हरचं लायसन्स, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एक्सरे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो ते चालवून घ्यायचे नाहीत, कारण तिथे फोटो दाबला जाऊन बिलावरची तारीख दिसेनाशी होते, तेव्हा स्कॅनिंगचं फुकट अ‍ॅप घालून सरळ प्रकाशात प्रत्येक बिल स्कॅन करायला लावलं. आम्हाला तेव्हा जाच वाटला, पण औषधाच्या दुकानाच्या त्या थर्मल कागदावरच्या पावत्या सहा-आठ महिन्यांत पांढऱ्या फटक होतात हे तुम्हालाही माहीत असेल, आमच्याकडच्या बऱ्याच झाल्या पण. स्कॅन होते म्हणून दुकानदाराकडून शिक्का मारून डुप्लिकेट तरी काढता आल्या, नाहीतर ते पैसे गेलेच असते.

दादाच्या उत्पन्नाचा पुरावा हा सगळ्यात अवघड भाग होता. सॅलरी स्लिप नाही, रिटर्न भरलेलं नाही, बरेचसे व्यवहार रोखीत. आमच्यासारख्या धंदेवाल्या लोकांची हीच अडचण असते आणि विमा कंपनी तिथेच पकडते. मॅडमनी वहिनीला बसवून (फोनवरच) मागच्या दोन वर्षांचं बँक पासबुक, कच्च्या मालाची बिलं, गिऱ्हाइकांना पाठवलेली कोटेशनं असं सगळं एका शीटमध्ये महिन्यावार भरून घेतलं, आणि जुन्या तीन गिऱ्हाइकांशी फोनवर बोलून कोण साक्ष द्यायला तयार आहे ते बघून ठेवलं. त्यातून महिन्याला साधारण १५,००० चा आकडा आधारासकट उभा राहिला. दादा तोंडी जास्त सांगत होता पण मॅडमनी स्पष्ट सांगितलं की जे दाखवता येईल तेवढंच लिहायचं, उलटतपासात एक आकडा खोटा पडला की बाकीचे खरे आकडे पण संशयात येतात.

आता एक गोष्ट जी मला आधी सुचली पण नसती. लॉकडाऊनमध्ये दादाची फिजिओथेरपी बंद पडली, ओपीडीत कोणी जायला तयार नाही. मॅडम म्हणाल्या उपचारात मोठी गॅप दिसली तर पुढे विचारतील की एवढं दुखत होतं तर डॉक्टरकडे का गेला नाहीत. नेमकं २५ मार्च २०२० लाच सरकारच्या टेलिमेडिसिनच्या गाइडलाइन्स आल्या होत्या, म्हणजे रजिस्टर्ड डॉक्टर व्हिडिओवर किंवा फोनवर तपासून प्रिस्क्रिप्शन देऊ शकतात, म्हणून आम्ही दर थोड्या दिवसांनी व्हिडिओ कन्सल्टेशन घेतलं, व्यायाम बघून घेतले, आणि प्रत्येक वेळचं प्रिस्क्रिप्शन फोल्डरमध्ये टाकलं. केससाठी तर उपयोग झालाच पण दादाच्या हातासाठी जास्त झाला, बोटं आखडली असती नाहीतर. वकिलाच्या ऑफिसातून कोणीतरी फोन करून "आज व्यायाम झाला का" विचारतंय याचं दादाला फार अप्रूप होतं.

फोटो आणि व्हिडिओचं पण तसंच. अपघाताच्या दिवशी एका मुलाने मोबाइलवर काढलेले टेम्पोचे आणि बाइकचे फोटो होते, आणि नंतर वहिनीने काढलेला एक व्हिडिओ, ज्यात दादा वेल्डिंगचा होल्डर उचलायला जातो आणि अंगठा नीट मिटत नाही म्हणून तो निसटतो, मग डाव्या हाताने उचलतो, परत उजव्यात घेतो, परत निसटतो. मला तो व्हिडिओ पूर्ण बघवत नाही. पण मोबाइलमधलं असं काही कोर्टात द्यायचं तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं सर्टिफिकेट लागायचं, म्हणजे फाईल कुठल्या फोनमधून कशी काढली ते सही करून लिहून दिलेला कागद (जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात हे कलम ६३ आहे), आणि १४ जुलै २०२० ला, म्हणजे याच काळात, सुप्रीम कोर्टाने अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास गोरंट्याल या आपल्या जालन्याच्या निवडणूक केसमध्ये ते सर्टिफिकेट सक्तीचंच आहे असं पक्कं करून टाकलं (मूळ मोबाइलच त्याच्या मालकाने येऊन कोर्टात दाखवला तर गोष्ट वेगळी). निकाल आल्यावर लगेच मॅडमनी आम्हाला सांगितलं की फोटो काढणाऱ्या मुलाचा नंबर शोधा, फोन बदलला नसेल तर मूळ फाईल तशीच ठेवायला सांगा, फॉरवर्ड केलेली कॉपी नको. तो मुलगा भला होता, त्याने फोन जपून ठेवला आणि सही पण दिली.

हिशोबाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण बहुतेक लोकांना आपल्या क्लेमचा आकडा कुठून येतो हेच कोणी सांगत नाही. एका रविवारी वकीलसाहेबांनी स्क्रीन शेअर करून एक्सेल उघडलं आणि आम्हा तिघांना, मी, दादा, वहिनी, ओळ ओळ समजावली. उत्पन्न महिना १५,०००, म्हणजे वर्षाचं १,८०,०००. दादाचं वय ३४ आणि स्वतःचा धंदा, म्हणून प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाप्रमाणे पुढे उत्पन्न वाढलं असतं त्याचे ४० टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. मग सरला वर्मा या २००९ च्या निकालातला तक्ता, ३१ ते ३५ वयाला गुणक १६ (वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा), म्हणजे ४०,३२,०००. आता यातला किती भाग दादाचा बुडाला ते अपंगत्वाच्या टक्क्यावर, आणि सगळी लढाई तिथेच आहे. विमा कंपनीचे लोक बोलायला आले ते १० टक्के धरून, म्हणजे ४,०३,२००. डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर ३० टक्के होते, म्हणजे १२,०९,६००. पण वकीलसाहेबांनी राजकुमार वि. अजयकुमार हा २०१० चा निकाल वाचून दाखवला, त्यात कोर्टाने म्हटलंय की डॉक्टरने दिलेला टक्का वेगळा आणि कमाई किती बुडाली तो टक्का वेगळा, आणि उदाहरण पण तिथेच दिलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते आणि तेच सरकारी कारकून असेल तर नोकरीवर कदाचित काहीच परिणाम होणार नाही. दादाचं तर उजवं मनगट. त्यांनी ४५ टक्के मागायचं ठरवलं, १८,१४,४००. हे फक्त कमाईचं, त्यात औषधपाणी, प्लेट काढायच्या पुढच्या ऑपरेशनचा खर्च, कामावर जाता आलं नाही त्या महिन्यांची बुडालेली कमाई, वेदना हे सगळं वेगळं.

पहिल्यांदाच दादाच्या चेहऱ्यावर असं दिसलं की ही आपली केस आपल्याला कळतेय. तोपर्यंत तो फक्त सही करायचा.

आणि मग १७ सप्टेंबर २०२० ला पप्पू देव यादव वि. नरेश कुमार हा निकाल आला. त्यात एक वीस वर्षांचा टायपिंग आणि डेटा एंट्रीचं काम करणारा मुलगा, हात गेलेला, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भविष्यातली उत्पन्नवाढ ही फक्त मृत्यूच्या दाव्यात नाही, कायमचं अपंगत्व आलेल्या जखमीच्या दाव्यात पण धरायची, आणि त्याच्या कमाईचं नुकसान ६५ टक्के धरलं. तो निकाल वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशीच पाठवला आणि खाली लिहिलं, विमा कंपनीवाले ४० टक्के वाढ द्यायची नाही म्हणत होते, आता म्हणता येणार नाही. वकील घरात बसून रोज निकाल वाचतोय आणि आपल्या केसला कुठला लागतो ते बघतोय यापेक्षा जास्त मी काय मागू.

विमा कंपनीशी तडजोडीचं बोलणं पण फोनवर आणि मीटवर झालं. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या, २०२० मध्ये ऑनलाइन लोकअदालती पण सुरू झाल्या आणि दबाव येतो की कोर्ट कधी उघडेल कोणास ठाऊक, घेऊन टाका. तंगी असताना हो म्हणावंसं वाटतं आणि त्यात काही चूक पण नाही, ज्यांना खरंच निकड आहे त्यांच्यासाठी लोकअदालत फार चांगली सोय आहे. पण लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. आमच्याकडे ऑफर आली तेव्हा मॅडमनी ती कॉलवर नुसती सांगितली नाही, लिहून पाठवली, सोबत आपला हिशोब, आणि निकालापर्यंत गेलो तर किती वेळ लागू शकतो आणि त्यात काय धोका आहे ते पण लिहिलं, कारण ४५ टक्के कोर्ट मान्य करेलच असं नाही. मग म्हणाल्या दोन दिवस घरात बोला, मी मधे फोन करणार नाही. खरंच केला नाही. आणि दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज मिळू शकतं, मोटार वाहन कायद्याचं कलम १७१, म्हणजे उशिराचा भार थोडा तरी समोरच्यावर पडतो हे कळल्यावर दादाला धीर आला. आम्ही ऑफर नाकारली.

मधल्या काळात घर चालायला हवं म्हणून त्यांनी नो फॉल्टचा अर्ज पण लावून धरला, तेव्हाचं कलम १४०, कायमच्या अपंगत्वाला २५,०००, यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागायचं नाही (हे कलम १ एप्रिल २०२२ पासून काढून टाकलंय). रक्कम लहान आहे पण त्या दिवसांत आमच्यासाठी ती लहान नव्हती. त्याची सुनावणी व्हिडिओवर अगदी थोडक्यात झाली.

आता ऑनलाइन साक्षीबद्दल, कारण त्याबद्दल लोक खूप विचारतात. सुप्रीम कोर्टाने ६ एप्रिल २०२० ला व्हिडिओ सुनावणीच्या सूचना दिल्या तेव्हा असं होतं की व्हिडिओ मुख्यतः युक्तिवादासाठी, आणि दोन्ही बाजूंची संमती नसेल तर पुरावा नोंदवायचा नाही. व्हिडिओवर साक्ष घेणं हे काही आत्ताचं खूळ नाही पण, महाराष्ट्र राज्य वि. प्रफुल्ल देसाई या २००३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलंय, त्यात साक्षीदार अमेरिकेतले डॉक्टर होते. आमच्या केसमध्ये दादाचं पुरावा शपथपत्र आधीच तयार होतं, ड्राफ्ट त्याला तीन-चारदा फोनवर वाचून दाखवून दुरुस्त केलेलं, म्हणजे कोर्ट थोडं सुरू झालं तेव्हा पहिल्याच तारखेला ते दाखल झालं आणि दादाचा उलटतपास समोरासमोरच झाला. मॅडमनीच तसा आग्रह धरला, म्हणाल्या जखमी माणसाचा हात जजसाहेबांनी डोळ्यांनी बघितला पाहिजे. डॉक्टरांचं मात्र व्हिडिओवर करायचं ठरलं कारण २०२१ मध्ये दुसरी लाट आली, डॉक्टर हॉस्पिटल सोडून येऊच शकत नव्हते, आणि विमा कंपनीच्या वकिलांनी पण संमती दिली.

तो दिवस मी लिंकवर होते. आधी डॉक्टरांना कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगितली, दुसरं कोणी नाही ना, समोर कागद कुठले आहेत. मग विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं की हाड तर जुळलंय मग ३० टक्के कुठून आले. डॉक्टरांनी एक्सरे खिडकीसमोर धरला पण स्क्रीनवर नुसता पांढरा उजेड दिसत होता, कोणालाच काही कळेना, आणि मला वाटलं आता हे फसणार. मॅडमनी शांतपणे कोर्टाला सांगितलं की याच एक्सरेची स्कॅन कॉपी रेकॉर्डवर आहे, निशाणी नंबर (कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर) सांगितला, पान नंबर सांगितला, जजसाहेबांनी समोर उघडली, समोरच्या वकिलांनीही उघडली, आणि डॉक्टर बोट ठेवून नाही तर शब्दांत सांगत गेले, प्लेट इथे, सांधा इथे झिजलाय, मनगट एवढंच वळतं. ते सगळं जमलं कारण प्रत्येक कागद आधी स्कॅन होऊन सगळ्यांकडे एकाच पान नंबरांनी गेलेला होता. नाहीतर ती तारीख वाया जाऊन पुढची कधी मिळाली असती देव जाणे.

तारखा आणि रोजनामा (कुठल्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) बघायला त्यांनी आम्हाला ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अ‍ॅप लावायला सांगितलं, फुकट आहे, १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, टाकला की केसची स्थिती दिसते. ऑफिसला दरवेळी फोन करून "काय झालं" विचारायची गरज राहिली नाही, दादाला तो नंबर तोंडपाठ झाला होता. सगळ्यांनी आपला सीएनआर नंबर वकिलांकडून मागून घ्या, पहिल्याच दिवशी.

आता एक मार्क का कापला. सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि ईमेलवर चालायचं आणि त्यात आमच्या आईबाबांना काही समजायचं नाही. अपघाताबद्दल पोलिसांनी सगळ्यात आधी बाबांना विचारलं होतं, तेच हॉस्पिटलात होते, पण त्यांच्याशी नीट बोलणं फार उशिरा झालं, कारण ऑफिसने धरून चाललं की घरातलं तरुण माणूस सगळं सांगेल. मी सांगत होते पण माझ्यामार्फत आलेली गोष्ट आणि बाबांच्या तोंडून आलेली गोष्ट यात फरक पडतो, टेम्पोवाल्याने हॉस्पिटलात येऊन काय कबूल केलं होतं ते बाबांनी सांगितल्यावरच कळलं. ज्यांना स्मार्टफोन जमत नाही त्यांच्यासाठी साधा फोन करून बोलणारं एक माणूस हवंच. दुसरं म्हणजे सुरुवातीला त्या ग्रुपमध्ये ऑफिसमधले इतके लोक होते की दादाचे मेडिकल रिपोर्ट कोण कोण बघतंय ते कळत नव्हतं, मी बोलल्यावर ग्रुप लहान केला आणि रिपोर्ट फोल्डरमध्येच ठेवायला लागले, पण हे न सांगता व्हायला हवं होतं, माणसाच्या शरीराची माहिती आहे ती.

फीबद्दल चांगलंच म्हणेन. त्यांनी टप्प्याटप्प्याने ठरलेली फी घेतली आणि पहिल्याच ईमेलमध्ये लिहून दिली. अपघाताच्या केसमध्ये "मिळेल त्यातले इतके टक्के द्या" असं सांगणारे तुम्हाला भेटतील, पण बार कौन्सिलच्या नियमाने निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलांना परवानगी नाही. जखमी माणसाचे पैसे आहेत ते, त्याला पुढची सगळी वर्षं त्यावर काढायची असतात.

निकाल २०२१ च्या पावसाळ्यात लागला. कोर्टाने कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं, आमच्या ४५ पेक्षा कमी पण सर्टिफिकेटच्या ३० पेक्षा जास्त, आणि कारणांमध्ये दादाचा धंदा, वहिनीने काढलेला व्हिडिओ आणि डॉक्टरांची साक्ष तिन्हीचा उल्लेख केला. ४० टक्के म्हणजे १६,१२,८००, वर औषधपाणी, वेदना अशा बाकीच्या बाबींची रक्कम आणि व्याज. पैसे जमा होण्यासाठी १६ मार्च २०२१ च्या बजाज अलायन्झ वि. भारत सरकार या केसमधल्या सुप्रीम कोर्टाच्या सूचनांचा उपयोग झाला, त्यात सांगितलंय की विमा कंपनीने ३० दिवसांत रक्कम आरटीजीएस किंवा एनईएफटीने न्यायाधिकरणाच्या बँक खात्यात भरायची. चेक, डिमांड ड्राफ्ट, खिडकीवरच्या चकरा यातलं काही नाही. थोडी रक्कम कोर्टाने दादाच्या नावे एफडीत ठेवायला सांगितली, ते पण बरंच झालं, आलेली रक्कम नातेवाइकांत उसनवारीत जायला वेळ लागत नाही. विमा कंपनीला अपिलाला ९० दिवस असतात आणि तेव्हा चालू असलेल्या मुदत वाढवण्याच्या ऑर्डरमुळे तो काळ लांबू शकत होता, हे पण मॅडमनी निकालाच्या दिवशीच सांगितलं, आनंदात सगळं खर्च करून बसू नका म्हणून.

ज्यांना वकिलांची फी झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, म्हणजे अपघातात अपंगत्व आलेल्या बऱ्याच जणांना तो लागू होतो. आणि इंटरनेट, स्कॅनिंग जमत नसेल तर नागपूरला ३१ ऑक्टोबर २०२० ला "न्याय कौशल" नावाचं ई-रिसोर्स सेंटर सुरू झालंय, ई-फायलिंगच्या मदतीसाठी.

कोणत्याही ऑफिसची अशी ऑनलाइन सर्व्हिस घेणार असाल तर पहिल्या कॉलवर त्यांना विचारा की पुढच्या तारखेपर्यंत तुम्ही कुठला कागद, कुठला साक्षीदार, कुठला हिशोब तयार करणार आहात आणि कोण करणार आहे. त्या माणसाचं नाव आणि थेट नंबर घ्या. आमच्या ऑफिसने हे न विचारता सांगितलं होतं, आणि प्लेट काढायचं ऑपरेशन झाल्यावर मॅडमचा परत फोन आला, केस संपली होती तरी, हात कसा आहे विचारायला.